फ्लॉरीच्या तळ्यावरची पहार

मित्रांनो, पहार म्हटली की तुम्हांला विहिरीचा खडक नाहीतर खांबाचा खड्डा आठवेल. मी मात्र जन्मात कधी दगड फोडला नाही. मी बर्फ फोडणारी एक जुनी पहार आहे. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या क्री या आदिवासी लोकांच्या रानात, मॅलकम नावाच्या शिकाऱ्याच्या खोपटाला टेकून मी उभी असते. आता मला कुणी हात लावत नाही. का लावत नाही, तेच सांगायचे आहे.

माझे पाते म्हणजे एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. मॅलकमच्या वडिलांनी तो विस्तवात लाल करून ठोकला, घासून त्याला धार आणली आणि माणसाहून उंच असा चिवट लाकडाचा दांडा बसवला. लेकाच्या हाती देताना ते म्हणाले, "नुसते घाव घालत सुटू नकोस. आधी कान लाव."

कारण आमचे काम बीव्हरचे. बीव्हर म्हणजे दातांनी झाडे पाडून पाण्याला बांध घालणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. हिवाळ्यात तो बर्फाखाली असतो, मग दिसणार कसा? मॅलकम माझे पाते बर्फावर टेकवी आणि दांड्याच्या टोकाला कान लावी. खालून कुरतडल्याचा, फांदी ओढल्याचा, बुडबुड्यांचा आवाज माझ्या अंगातून वर चढे. फांद्या-चिखलाचे त्याचे घुमटासारखे घर पाण्यातून वर आलेले असे, आणि त्याच्या टोकावर आतल्या श्वासाची वाफ गोठून पांढरे तुरे धरलेले असत. तुरे दिसले की आत नांदते घर आहे असे समजायचे.

पाणी गोठण्याआधीचे दिवस मला फार आवडत. मॅलकम आणि त्याची बायको फ्लॉरी मला घेऊन काठावर बसत आणि बीव्हरची लगबग पाहत. थोरली मादी चिखल छातीशी धरून घर लिंपत असे. नर झाडे पाडी. पिल्ले हिवाळ्याच्या बेगमीच्या फांद्या ओढता ओढता मध्येच खात बसत.

"ते बघ तुझं पिल्लू," फ्लॉरी म्हणे. "काम सांगितलं की आधी जेवण."

"आणि मागून ढुसण्या देणारी ती कोण गं, म्हातारे?"

"ती नसती तर सगळे उपाशी मेले असते. गप बस आणि चहा पी."

मॅलकम माझी फार स्तुती करी. "ही आहे तोवर मला म्हातारपण नाही," असे तो चारचौघांत सांगे, आणि मी उगीचच ताठ होई.

या लोकांची एक रीत आहे. रानाचे भाग पाडायचे, एका हिवाळ्यात एकाच भागात शिकार करायची आणि बाकीच्यांना विश्रांती द्यायची. बीव्हरच्या घरातली थोरली जोडी राखायची. खाल्लेल्या बीव्हरची हाडे कुत्र्यांना न टाकता पाण्यात परत सोडायची. जो जीव आपल्याला देह देतो त्याचा मान राखला नाही, तर तो पुन्हा येत नाही. आणि सर्वांत मोठा अपमान म्हणजे त्याने फुकट मरणे.

फ्लॉरीचा जन्म ज्या तळ्याकाठच्या तंबूत झाला, त्याला सगळे फ्लॉरीचेच तळे म्हणत. खाली लांब नदीवर विजेसाठी धरण झाल्यापासून तिचे पाणी चढून त्या तळ्यात शिरले होते. मी सांगते त्या हिवाळ्यात त्या भागाला विश्रांती होती, आणि तळ्यावर बीव्हरचे एकच घर नांदत होते.

ऐन थंडीत त्यांचा मुलगा रेमंड गावाहून बर्फावरची गाडी घेऊन आला. पिठाचे पोते उतरवतानाच तो म्हणाला, "बाबा, धरणाची दारं उघडलीत. शहरात कडाका पडलाय, त्यांना वीज हवीय. नदी उतरतेय, तळंही उतरणार. ते बीव्हर काढायचे तर आत्ताच काढा."

"यंदा त्या भागाला विश्रांती आहे," मॅलकम म्हणाला.

"ते पाण्याला कुठं ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

दुसऱ्या दिवशी दोघे नवरा-बायको मला घेऊन तळ्यावर गेले. काठाशी बर्फाला भेगा पडल्या होत्या. मधला बर्फ खाली बसला होता. पाते टेकवताच मला खालची पोकळी कळली. एरवी जिथे पाणी लागे तिथे नुसती हवा होती. मॅलकमने कान लावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"कामाला लागलेत! तळ्याच्या तोंडाकडे चिखल नेतायत, फांद्या ओढतायत. अगं, पाणी राखणं यांच्याइतकं कुणाला जमतं? बांध घालतील बघ."

"म्हाताऱ्या, बांध गळतीला घालतात," फ्लॉरी म्हणाली. "इथं गळती आहे कुठं? दार माणसानं उघडलंय, ते तिकडं लांब."

"उद्या बघू."

तो 'उद्या' रोज नवा येत राहिला. मॅलकम रोज तळ्यावर जाई, कान लावी, आणि आवाज आहे एवढ्यावर समाधान मानून परते. मला मात्र फरक कळत होता. आवाज थकत चालला होता. त्यांची बेगमी बर्फासकट तळाला चिकटली होती, त्यामुळे त्यांच्या दातांना काही लागत नव्हते. पण दांड्याला जीभ नसते, मित्रांनो. त्या दिवसांइतके माझे मुकेपण मला कधी टोचले नाही.

शेवटी फ्लॉरी चुलीपाशी उभी राहून मोठ्याने बोलली. "मी जन्मले ती जागा आहे ती. माझ्या दारात त्यांना उपाशी मारू नकोस. घ्यायचे तर मानानं घे. त्यांचं मांस आपल्या पोटात जाऊ दे, हाडं पाण्यात जाऊ देत."

"माझ्या बापानं त्या जमिनीला शब्द दिलाय. त्याच्या बापानं दिलाय. पाणी उतरलं म्हणून मी तो मोडू?"

"शब्द जमिनीला दिलाय ना? मग तिच्या लेकरांकडे बघ की जरा!"

मॅलकम उठून बाहेर गेला. फ्लॉरीने कुऱ्हाड घेतली, बीव्हर आवडीने खातात त्या पॉप्लर झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडल्या आणि बीव्हरच्या घराशी नेऊन टाकल्या.

दुसऱ्या सकाळी ते तळ्याशी पोहोचले तेव्हा थोरली मादी बाहेर बर्फावर होती. अशा थंडीत बीव्हर उघड्यावर दिसणे हे चांगले लक्षण नव्हे. तिच्या शेपटीची कड हिमाने काळी पडली होती. फ्लॉरीने टाकलेली एक फांदी तिने तोंडात धरली होती. ती आता खाईल म्हणून दोघे श्वास रोखून पाहत राहिले. पण तिने ती खाल्ली नाही. थांबत थांबत ती फांदी तिने तळ्याच्या तोंडापर्यंत ओढत नेली आणि बीव्हरांनी घातलेल्या बांधावर ठेवली. मग पुढच्या पायांनी बर्फ गोळा करून, चिखल थापावा तसा तिच्यावर थापला. बांधाच्या अलीकडे पाणी नव्हते आणि पलीकडेही नव्हते.

फ्लॉरीने तोंडावर हात धरला. मॅलकमने मला खांद्यावर घेतले.

"उद्या सकाळी घर उघडून त्यांना मानानं घेतो," तो म्हणाला. "चूल पेटवून ठेव."

पण त्या दुपारीच वादळ सुटले. ते इतके दिवस चालले की खोपटाचे दार उघडता येईना. ओसरल्यावर दोघे धापा टाकत तळ्यावर गेले. घराच्या टोकावर पांढरे तुरे नव्हते. मॅलकमने माझ्याने घर फोडले. आत सगळे कुटुंब एकमेकांना बिलगून गोठले होते. पिल्ले मध्ये होती, आणि थोरली दाराच्या बाजूला. एकाच्याही अंगावर चरबीचा अंश नव्हता. खाण्याजोगे काही उरलेच नव्हते.

मॅलकम बर्फात बसला. म्हणाला, "म्हातारे, मी रीत पाळली."

"पाळलीस," फ्लॉरी म्हणाली. ती त्याच्याशेजारी बसली.

त्यांनी एकेकाला स्प्रूस झाडाच्या डहाळ्यांत गुंडाळले, घसरगाडीवर ठेवले आणि जिथे अजून पाणी होते तिथपर्यंत, थेट नदीच्या मधोमध ओढत नेले. तिथे माझ्याने बर्फाला भोक पाडायचे होते. मॅलकमला दोन घावही घालवेनात, म्हणून फ्लॉरीने मला हातात घेतले. जन्मभर मी भोके पाडली ती पाण्यातून काही काढण्यासाठी. हे मी परत देण्यासाठी पाडले. एकेक जीव काळ्या पाण्यात सोडताना मॅलकम म्हणत होता, "आम्हांला तुमची गरज होती. आम्ही उशिरा आलो."

घरी येऊन त्याने मला भिंतीला टेकवले. त्यानंतर तो शिकारीला गेला नाही. रेमंडकडे बर्फाला भोक पाडायचे यंत्र आहे, त्याला माझी गरज नाही. माझ्या पात्याला गंज चढला आहे, पण त्याचे मला फारसे दुःख नाही. लोखंड आज ना उद्या गंजायचेच.

माझे मागणे वेगळे आहे, मित्रांनो. तुम्हीही कुणाला जपायचा शब्द द्याल. झाडाला द्याल, जनावराला द्याल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला द्याल. तेव्हा शब्द जपला म्हणून निवांत बसू नका. त्या जिवाकडे रोज बघा, आणि तो थकलेला दिसला तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी जा.