नणंदेचा काटा

काटा एकशे सोळावर थांबला, मेलेआनेने वहीत लिहिलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मेलेआने आमच्या वावाऊ बेटावरच्या हॉस्पिटलात नर्स, आणि माझी नणंद. परदेशी डॉक्टरीणबाई वर्षातून एकदाच येणार, ऑपरेशनला सहाच बायकांना घेणार, त्यातही एकशे दहा किलोच्या वरची नको.

"वजन जास्त असलं की भुलीचा धोका, वहिनी. शिवलेलंही पुन्हा ढिलं पडतं म्हणतात," ती म्हणाली. "महिनाभर खाणं आवरा."

मला अडुसष्टावं चालू आहे. नऊ बाळंतपणं झाली. चार वर्षं अंग बाहेर येतंय. चर्चमध्ये दुसऱ्या कडव्यालाच मी मांड्या आवळून खाली बसते. आता चुकलं तर आणखी वर्षभर तेच. आणि माझ्यामागे सातव्या नंबरवर कोण? मेलेआनेची सासू! नक्कीच पाणी मुरत होतं.

"काटा तुझा, वहीही तुझी," मी टोमणा मारला. ती गप्प राहिली. गप्प बसणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.

महिनाभर मी कंद सोडले, नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस सोडलं. रविवारी घरचे भट्टीतून वाफाळतं जेवण काढायचे आणि मी पपई चघळत त्यांना शिव्या घालायची. तरीही बाई आल्या त्या दिवशी काटा एकशे बारा! मेलेआनेने वहीत माझं नाव खोडून सातवीचं लिहिलं.

मग मात्र मी डॉक्टरीणबाईंसमोरच तोंड सोडलं. "हिने काटा बिघडवलाय! सासूला घुसवायचंय हिला!"

बाई स्वतः काट्यावर चढल्या. काटा बरोबर होता. उतरून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे काय गुंडाळलंय?"

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. आमच्या रिवाजाप्रमाणे छातीपासून घोट्यापर्यंत सुतकाची जाड, जुनी चटई, वर दोरी. सासरची माणसं सांगतील तेव्हाच ती सुटायची. विधवेला 'काढ' म्हणायची इथे कुणाची छाती? मला तर ती माझंच अंग वाटायला लागली होती.

मेलेआने माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि दोरी सोडू लागली.

"आधी का नाही बोललीस गं?"

"भावाच्या नावाची चटई, वहिनी. माझ्या तोंडून कसं निघणार?" तिने शेवटची गाठ सोडली. "पण तो असता तर त्यानेच सोडली असती."

काटा एकशे पाचवर थांबला. चटई सात किलोंची. म्हणजे पहिल्या दिवशीही मी एकशे नऊच होते, आणि महिनाभर उपाशी राहून नणंदेला शिव्या देत होते.

तेवढ्यात आठवलं, माझी जागा हुकली म्हणून सातवीला वर घेतलं होतं. मेलेआनेची सासू दारातल्या बाकावर, पिशवीत कपडे भरून, तयार बसली होती. मेलेआनेने वही उघडली, सासूचं नाव खोडलं, माझं लिहिलं. मग चटईची घडी छातीशी धरून ती सासूला सांगायला बाहेर गेली.

मला तिच्या पाठीकडेही बघवेना.