बोटीवर पाठवलेलं घर

गल्लीत सगळे त्याला कप्तान म्हणत, पण त्याने जन्मात कधी बोटीचं सुकाणू हातात धरलं नव्हतं. तो मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. त्याची सगळी नोकरी बोटीच्या पोटात, इंजिनाच्या खोलीत, तेलाच्या वासात गेली. समुद्र दिसायचा तो हातपाय धुऊन वर आल्यावर, तेवढाच. पण गल्लीने एकदा नाव चिकटवलं की ते खरवडूनही निघत नाही. त्याच्या बायकोला सगळे ताई म्हणत. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची, त्यामुळे अर्ध्या गल्लीचे नंबर तिला तोंडपाठ होते आणि कोण चष्मा न लावता मिरवतं तेही.

कॅमेरा कप्तानाचा. एका सुट्टीत त्याने तो कुणाचा तरी वापरलेला घेतला. होता डिजिटल, पण त्यात रंग उमटतच नसत. जे काही दिसायचं ते काळं, पांढरं आणि मधलं सगळं राखाडी. ताईच्या सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, आमच्या लग्नातले फोटो काळे-पांढरे होते ते नाइलाजाने. तू तर हौसेने आंधळा झालास. कॅमेऱ्यावर लेन्स बसवली होती ती कप्तानाच्या मामांची. मामांचा स्टुडिओ होता आणि ते गेल्यावर भाच्याने बाकी काही न मागता तेवढी एक लेन्स मागून घेतली होती. नव्या कॅमेऱ्यावर ती एका पितळी कड्याने बसायची, आणि बसली की तिथेच जन्मल्यासारखी दिसायची.

बोटीवरच्या खाऱ्या हवेत ती न्यायची नाही, असं त्याने ठरवलं. निघताना बायकोला एवढंच सांगितलं, की कपाटात कोंडून ठेवू नकोस, जुन्या काचेला बुरशी धरते, अधूनमधून उजेडात काढत जा.

ताईने ते काम नेमाने केलं. गाद्यांना ऊन दाखवावं तसा ती कॅमेरा खिडकीत आणून ठेवी. नुसता ठेवून तरी काय करायचं, म्हणून एकदा तिने तो डोळ्याला लावला. या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, एका कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून बघायचं. तिच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात वस्तू दोनदा दिसते, एक खरी आणि एक तिच्या भुतासारखी. लेन्सचं कडं फिरवत भूत नेऊन वस्तूवर बसवलं की फोकस झाला. चांगल्या चांगल्यांना हे जमायला वेळ लागतो. ताईचा जन्म लोकांना "आता नीट दिसतं की मघाशी दिसत होतं?" हे विचारण्यात गेलेला, तिला ते चहा ढवळण्याइतकं सोपं गेलं.

मग ती त्याला फोटो पाठवू लागली. जिन्यावरचा उजेड, दोरीवर वाळणारी चादर, वाटाणे सोलणारे सासूबाईंचे हात. एकदा तिने त्याच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला, पण तो पाठवला नाही. माणसाला उगाच घोर कशाला लावायचा. बोट बंदराजवळ आली की त्याचा फोन लागे, तेव्हा सगळे फोटो त्याला एकदम मिळत. कप्तान बोलण्यात मुलखाचा कंजूष. फोनवर बरं आहे, जेवलो, आईच्या गुडघ्याचं काय, इथे त्याचं गाडं थांबायचं. पण फोटोंवर तो लिहायचा. मामांच्या लेन्समधून खिडकीच्या कडेशी उजेड जरासा सांडतो, दुधाला साय धरावी तसा दिसतो, ते त्याला फार आवडे. "स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं ऊन पुन्हा पाठव. सकाळचं," असं तो लिही. ताई मग केस न विंचरता उठून त्या भिंतीसमोर उभी राही. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना कधी चिठ्ठी लिहिली नव्हती. ती हौस अशी उतारवयात फिटत होती.

तो शेवटचा बोटीवर गेला त्यानंतर वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, स्वयंपाकघराची भिंत ओली होऊन पोपडे निघाले, आणि सासूबाईंच्या पसंतीने तिला हिरवा रंग दिला गेला. कप्तानाला सांगायचं राहूनच गेलं. भिंतीचे फोटो तर जातच होते.

पुढे त्याचे गुडघे गेले. इंजिनाच्या खोलीतल्या उभ्या शिड्या चढवेनात, कंपनीच्या डॉक्टरने पुन्हा बोटीवर पाठवायला नकार दिला, आणि कप्तान कायमचा घरी आला. आला तो खांद्यावरची बॅगही न उतरवता थेट स्वयंपाकघरात गेला आणि उभाच राहिला.

"ही भिंत हिरवी आहे?"

"कधीचीच," ताई म्हणाली. "फोटोत बघत होतात की."

"फोटोत हिरवं कुठे दिसतं? मी आपली पिवळसरच धरून चाललो होतो."

तो हसला, सासूबाईही हसल्या, पण ताईच्या मनात काटा रुतला तो रुतलाच. इतके दिवस हा माणूस ज्या घराची आठवण काढत होता ते घर तिच्याकडे नव्हतंच.

त्यानंतर कप्तान घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. पाण्याचा पेला घ्यायचा तरी विचारून घ्यायचा. बाजारात पाठवलं तर यादीबरहुकूम आणायचा, वर एक काडी नाही. जेवण झालं की ताट धुऊन पालथं घालायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा. कॅमेरा समोर होता, पण त्याला हात लावत नसे. कशाचे फोटो काढायचे, असं म्हणे, सगळं तर इथेच आहे. ताई दुकानातून धावतपळत घरी यायची आणि दारात चप्पल काढताना तिचे पाय आपोआप मंदावायचे. ज्याची वाट बघण्यात जन्म गेला तो आत बसला होता, आणि वाट बघणं काही थांबत नव्हतं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं पोरगा घरी यावा म्हणून देवाला हात जोडले. आता वाटतं, जरा बाहेर जावा म्हणून जोडावेत की काय."

एका रविवारी दुपारी ताई पाणी प्यायला उठली तर कप्तान खुर्चीत नव्हता. स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून, पाटावर बसल्या बसल्या त्याला झोप लागली होती. गाल फ्रिजच्या पत्र्याला, तळवा पालथा तिथेच टेकलेला. फ्रिज जुना, सतत घुमायचा. त्या घुमण्याबरोबर त्याचा श्वास चालला होता. ताईने हळूच कॅमेरा आणला. गुडघ्यावर बसून कडं फिरवलं, त्याच्या पापणीवर पापणी आणून बसवली आणि फोटो काढला. पडद्यावर बघितलं तेव्हा तिला भडभडून आलं. घरी आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर एवढा विसावा तिने पाहिला नव्हता, आणि तो विसावा फ्रिजने दिला होता.

तिने तो फोटो लपवला नाही. संध्याकाळी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"आवाज बरा वाटतो," तो म्हणाला. "बोटीवर इंजिन बंद पडलं की सगळे जागे होतात. इथे सगळंच बंद असल्यासारखं वाटतं." त्याने अंगठ्याने पडदा पुसला. "तिकडे होतो तेव्हा इथली आठवण यायची. इथे आलो तर तिकडची येते. माणसाने राहावं तरी कुठे?"

"तुम्ही निदान लांबच्या गोष्टीची आठवण काढता," ताई म्हणाली. "मला तुम्ही समोर बसलेले असताना तुमची आठवण येते."

त्याने कॅमेरा तिच्या हातात परत दिला. रात्रीचं जेवण होण्याआधी त्याने एक गोष्ट सांगितली, जी तो आल्यापासून पोटात ठेवून होता. बोटीवरच्या एका जुन्या सोबत्याने त्याला कळवलं होतं, की दुसऱ्या गावी बोटीवर जाणाऱ्या मुलांना इंजिनाचं शिक्षण देतात तिथे माणूस हवा आहे. खरं इंजिन आहे, चालू करून दाखवायचं असतं, शिड्या नाहीत. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. नाही म्हणून कळवणार होतो, असं तो म्हणाला.

"जा तुम्ही."

"अगं, आत्ता कुठे घरी आलोय."

"आलात कुठे अजून?" ताई म्हणाली.

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी खाकरून आपली संमती कळवली.

तो गेला. कॅमेरा तुम्ही घेऊन जा, असं ताईचं म्हणणं आणि तुझ्याकडेच राहू दे, असं त्याचं. यात बस सुटायची वेळ झाली आणि कॅमेरा तिच्याच गळ्यात राहिला. तो आठवडा तिला लांबलचक गेला. आधी महिनेच्या महिने सहज काढलेली बाई ती, पण मंगळवारीच तिला घर खायला उठलं. डोळे तपासताना दोनदा चुकीची काच घातली आणि गिऱ्हाइकाने ते लक्षात आणून दिलं. भलत्या वयात हे काय, म्हणून तिची तिलाच लाज वाटली. पण आतून एक गोडवाही होता.

शनिवारी ती स्टँडवर गेली. बस उशिरा आली. कप्तान गुडघा सांभाळत एकेक पायरी उतरला आणि तिला बघताच बोलायलाच लागला. वर्गात एक पोरगा आहे, म्हणाला, हाताने सोनं करेल पण ऐकून घ्यायचं नाव नाही. झडप उलटी फिरवली आणि सगळ्यांना काळ्या तेलाने आंघोळ घातली. दुसरा एक आहे, तो इंजिनाला कान लावून ऐकतो, अगदी माझ्यासारखा. ताईने कॅमेरा वर उचलला, तर तो बोलत बोलत चौकटीतून बाहेरच गेला. तिने चालता चालताच एक फोटो काढला, हलला असणार हे तिला ठाऊक होतं, तरी थांबवलं नाही. सोमवार फार लांब नव्हता, हेही तिला ठाऊक होतं. ती त्याच्या गुडघ्याच्या चालीने चालत राहिली.

वर गॅलरीत सासूबाई मघापासून उभ्या होत्या. दोघं गल्लीत शिरलेली त्यांनी पाहिली. कप्तान हातवारे करत होता, सून मान वळवून ऐकत होती, आणि बोलण्याच्या नादात दोघं घराच्या दारावरून सरळ पुढे निघून गेली. सासूबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आत जाऊन दाराची कडी नुसती काढून ठेवली.