चढावरची परीक्षा

मास्तरांचा डावा पाय प्लास्टरमध्ये जाऊन तीन आठवडे झाले होते. विचारणाऱ्या प्रत्येकाला ते जिन्यावरून घसरल्याचं सांगत आणि त्या गरीब जिन्याची यथेच्छ बदनामी करत. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी होती, हँडब्रेक ओढायचा मास्तरांनी कंटाळा केला होता. काच वर करायला म्हणून त्यांनी बाहेरूनच खिडकीत हात घालून किल्ली फिरवली. गाडीने उडी मारली आणि मागचं चाक पावलावर चढलं. बाईंनी हे वरच्या खिडकीतून पाहिलं. त्या धावत खाली येईपर्यंत मास्तर लंगडत जिन्याशी जाऊन बसलेही होते. बाई गप्प राहिल्या. सगळ्या गल्लीला गाडी शिकवलेल्या माणसाची अब्रू, ती काय चव्हाट्यावर आणायची?

प्रश्न किल्लीचा होता. बाई ग्रंथपाल. त्यांचं वाचनालय टेकडीवर हललं होतं आणि तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. लायसन्स हातात आलं होतं, किल्ली मात्र मास्तरांच्या खिशात. शेवटी त्यांनी अट घातली: घरासमोरच्या चढावर गाडी लावायची, बंद करायची आणि पुन्हा सुरू करायची. वीतभर जरी मागे सरकली तरी विषय संपला.

मास्तर शेजारी बसले. बाईंनी गाडी फुटपाथलगत लावली, चाकं वळवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला.

"आता सुरू कर."

एक पाय ब्रेकवर, दुसऱ्याने क्लच तळापर्यंत. गिअर न्यूट्रलला आणून हलवून पाहिला, मग किल्ली. पुन्हा पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडताना गाडीचं नाक जरासं उचललं, तेव्हा कुठे त्यांनी हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागे गेली नाही. या सगळ्या वेळात मास्तरांचा प्लास्टरमधला पाय त्यांच्या बाजूला नसलेला क्लच दाबत होता.

"आरसा पाहिलास?"

"पाहिला."

"दोन्ही?"

"तिन्ही."

"पुन्हा."

पाचव्यांदा 'पुन्हा' ऐकल्यावर बाईंनी गाडी नीट लावली, किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अहो, चुकलं काय ते तरी सांगा."

"काही नाही चुकलं." मास्तर प्लास्टरकडे बघत राहिले. "मी जिन्यावरून पडलो नाही."

"माहीत आहे. खिडकीत होते मी."

मास्तरांचे कान लाल झाले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"तीस वर्षं चालवून माझी ही गत. तुला काही झालं तर? भीती वाटते मला."

बाईंचा तीन आठवड्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "क्लच आधी, हे शिकवणीत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पटलं ते तुमच्या पायामुळे."

मास्तरांनी किल्ली परत केली आणि कुबडी सावरत उतरले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते फाटकाशी उभे होते. तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर आले.

"काय मास्तर, जिन्याने फारच छळलं म्हणायचं."

"जिन्याचा काही दोष नाही हो," मास्तर म्हणाले. "बसा, सांगतो."