संघप्रियाच्या प्रबंधाचं कव्हर

देवराव उंदिरवाडेची एक खोड होती. समोरच्यानं काही सांगायच्या आधीच ह्याला सगळं समजलेलं असायचं. गडचिरोलीत कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं बायंडिंगचं दुकान. जाड पुठ्ठा, काळं रेक्झीन, आणि वर शेगडीवर तापवलेल्या पितळी खिळ्यांनी उठवलेली सोनेरी इंग्रजी अक्षरं. हे खिळे त्यानं वरोऱ्याच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणले होते. सगळे मोठ्या अक्षरांचे, कॅपिटल म्हणतात ते. बारक्या अक्षरांचा खोका तिथं सापडलाच नाही, आणि देवरावाचं त्यावाचून काही अडलंही नाही. शीर्षक दणदणीत पाहिजे, कुजबुजल्यासारखं नको, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

अलीकडे मात्र पोरं समोरच्या प्रफुलकडे जायची. प्रफुल देवरावाच्याच हाताखाली काम शिकला आणि एक दिवस रस्त्यापलीकडे लेझरचं मशीन मांडून बसला. झालं! तेव्हापासून दोन वर्षं देवरावानं त्याच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. चहासुद्धा त्याच्या दुकानाकडे पाठ करून प्यायचा.

आणि आता घरातलाच प्रबंध आला होता. त्याची पोरगी संघप्रिया चार वर्षं कुरखेडा तालुक्यातल्या तलावांवर डोंग्यातून फिरली, मासे पकडून मोजले, मापले, परत सोडले. प्रबंध द्यायला आज पाचपर्यंतची वेळ होती. कव्हर माझ्या हातचं, असं देवरावानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. दोन दिवस आधीच पाचही कव्हरांवर शीर्षक आणि खाली पोरीचं नाव-आडनाव उठवून तो मोकळा झाला होता, आणि सकाळी पानं हाती येताच प्रती बांधूनही टाकल्या.

अकराला संघप्रिया आली. तिनं प्रत उचलली आणि शीर्षकावरून बोट फिरवलं.

"चांगलं झालं, बाबा."

"एवढंच?"

"लय चांगलं झालं," ती हसली आणि सही घ्यायला सरांकडे निघून गेली.

जाताना तिच्या फाइलमधला एक कागद काउंटरवर राहिला. विभागाचं पत्रक होतं. देवरावानं चष्मा लावला. शीर्षकात फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामांची पहिली अक्षरं मोठी. बाकी सारी बारकी. वेगळ्या नमुन्यातली प्रत घेतली जाणार नाही. त्या ओळीखाली संघप्रियानं लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या.

म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती 'लय चांगलं' म्हणाली!

दुपारी तीनला ती परत आली तसा त्यानं कागद पुढं धरला. "हे काय आहे वं?"

"राहू द्या न, बाबा. सरायशी बोलीन मी."

"अन् नाई ऐकलं त?"

"त सहा महिन्यानं देईन."

"सहा महिने! काऊन सांगितलं नाई मले?"

"तुम्ही विचारलं काय? अन् एवढे खुश होते तुम्ही..."

देवराव तडकला. "पण बारीक काऊन? चार वर्षं चिखल तुडवला, अन् नाव बारीक अक्षरात?"

"पेपरात, गोष्टीच्या पुस्तकात करतेत न मोठं," ती समजावू लागली. "तिथी मुख्य शब्दायचं पहिलं अक्षर मोठं, मधले बारके शब्द तसेच. आमच्या शास्त्रात तेवढंही नाई. उगाच मोठं केलं त गावाचं नाव कोणतं अन् साधा शब्द कोणता, ते समजत नाई. माझ्या शीर्षकात मोठी अक्षरं दोनच. एक कुरखेड्याचं."

"कुरखेडा मोठं? बाप्पा! अन् मासे?"

"मासे पहिलाच शब्द आहेत न, बाबा. त्यायचं बी मोठं."

देवरावाला हसू आलं, पण ते त्यानं दाबलं. आतून फार वाईट वाटत होतं. आपल्या हौसेपायी पोरीचे सहा महिने जाणार, आणि ती ते मुकाट्यानं सोसणार! त्यानं सुरी उचलली. संघप्रिया "बाबा, बाबा" करत राहिली, तोवर त्यानं पाचही कव्हरं सोलून काढली. फळीवरची पाच कोरी कव्हरं काखेत मारली, पत्रक आणि प्रबंधाची एक प्रत उचलली आणि तरातरा रस्ता ओलांडला.

प्रफुल खुर्चीवरून ताडकन उठला. "भाऊ, तुम्ही?"

"कागदात लिहिलं तसंच टाक. एक अक्षर इकडचं तिकडं केलंस त याद राख!"

दोन वर्षांनी शिव्या खायला मिळाल्या म्हणून प्रफुलचा चेहरा खुलला. त्यानं चहा सांगितला. मशीन चाललं आणि बघता बघता शीर्षक उमटलं, बारीक, सरळ, नेटकं. देवरावानं खोट शोधून पाहिली. सापडली नाही, याचा त्याला रागच आला.

"भाऊ," प्रफुल पत्रक शेवटपर्यंत वाचत म्हणाला, "नावाचं वेगळं लिहिलं आहे. उमेदवाराचं पूर्ण नाव सारं मोठ्या अक्षरात. टाकू काय?"

"हात नको लावू!"

कव्हरं हिसकावून देवराव आपल्या दुकानात पळाला. शेगडी पेटवली, खिळे जुळवायला घेतले. पोरीचं नाव जुळलं. मग त्याचा हात थबकला. पूर्ण नाव म्हणजे मधे बापाचंही. आजवर कितीतरी पोरांच्या बापांची नावं त्यानं सोन्यात उठवली होती. स्वतःचं नाव कधी पुस्तकावर चढेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला. परत घातला, परत पुसला.

"बाबा, लवकर करा न! चार वाजले!"

"थांब वं," देवराव एकेक खिळा फुंकून बसवत म्हणाला, "बापाचं नाव आहे तुह्या. वाकडं नाई झालं पाहिजे."