सेर्ला की सीर्ला

रोशाला कळा सुरू झाल्या त्या ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी, आणि तेव्हा तिचा नवरा म्विरिश मासेमारीच्या बोटीवर किनाऱ्यापासून दीडशे मैलांवर होता. दवाखान्यात तिला घेऊन गेला तो सासरा, दोनखा. सत्तरी ओलांडलेला हा माणूस एरवी ट्रॅक्टरच्या वेगानेच गाडी चालवायचा, पण त्या दिवशी त्याने वाटेतल्या एकाही वळणाला ब्रेक लावला नाही. संध्याकाळी मुलगी झाली. रोशाने फोटो पाठवला आणि खाली विचारलं, मग तेच नाव ना? तासाभराने उत्तर आलं. तेच.

नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, पण तेही असंच, फोनवर लिहून. त्या मोसमात म्विरिश घरी कमी आणि पाण्यावर जास्त होता. त्याने एक जुनं आयरिश नाव पाठवलं, रोमन लिपीत नऊ अक्षरांचं. तिला ते बघताक्षणी आवडलं आणि तिने तीन बदाम धाडून दिले. मोठ्याने ते दोघांपैकी कुणीच उच्चारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी म्विरिश घरी आला. अंगाला डिझेलचा वास, दाढी वाढलेली. हात तीनदा धुऊन त्याने लेकीला उचललं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "सेर्ला."

रोशाला वाटलं, नवरा थकलाय. "सीर्ला," ती हळूच म्हणाली.

"सेर्ला," तो पुन्हा म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो दक्षिणेचा, केरीचा. ती उत्तरेची, डोनेगॉलची. अक्षरं तीच, पण त्यातल्या 'ए-ओ' या जोडीचा दक्षिणेत 'ए' होतो आणि उत्तरेत 'ई'. लग्नाला चार वर्षं झाली होती. अशा शब्दांवरून एकमेकांना चिडवण्यात त्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. पण लेकीचं नाव म्हणजे चिडवण्याची गोष्ट नव्हे. आधी रोशा हसायला लागली, टाके दुखेपर्यंत हसली, आणि मग एकदम गप्प झाली.

कारण तिला नावाची खंत ठाऊक होती. डब्लिनच्या कचेरीत सहा वर्षं साहेबाने तिला 'रोझी' म्हटलं होतं. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं, आणि सहा वर्षं ती रोझी होऊन जगली. आपल्या मुलीचं नाव एकच असावं आणि सगळ्यांनी ते नीट घ्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आता घरातच दोन नावं झाली.

बातमी डोनेगॉलला पोचली. रोशाची आई ऊना फोनवर म्हणाली, "केरीचे लोक बोलतात की शेळ्या ओरडतात, तेच मला कळत नाही. से, से! पोरीला नाव द्यायचंय की हुसकून लावायचंय?" फोन स्पीकरवर होता. चहा ढवळता ढवळता दोनखा म्हणाला, "तुमच्याकडे थंडी फार ना, ऊना. दात वाजतात, तोंड उघडत नाही. मग 'सी'च येणार बाहेर."

रोशाच्या लंडनच्या बहिणीने मध्यम मार्ग सुचवला. जुनं सोडा, सोप्या अक्षरांत लिहा, म्हणजे तिकडचा इंग्रजही अडखळणार नाही. रोशाने कागदावर लिहून पाहिलं. पण सोपं लिहायचं म्हणजे 'से' किंवा 'सी' यांतलं एक कायमचं निवडायचं. जुन्या अक्षरांत मात्र दोन्ही सुखाने नांदत होते. तेव्हा लिहायचं जुनंच, यावर नवरा-बायकोचं पटलं. जन्मनोंदणीच्या खिडकीत रोशाने एकेक अक्षर ठासून सांगितलं: एस, ए, ओ, आर, एल, ए, आय, टी, एच. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, म्हणायचं कसं? दोघांनी एकदमच दोन उत्तरं दिली. "राहू द्या," बाई म्हणाल्या, "मला फक्त अक्षरं लागतात."

बाप्तिस्मा रविवारी होता. शुक्रवारी म्विरिशने हार मानली. "नऊ महिने तू वागवलीस," तो म्हणाला, "चर्चमध्ये तूच नाव सांग. तुझ्यासारखं."

शनिवारी दुपारी रोशा सासऱ्याला जेवायला बोलवायला गोठ्याकडे गेली आणि दारातच थबकली. दोनखा पाठमोरा उभा होता. समोर तांबडी कालवड रवंथ करत होती आणि तो तिला समजावत होता, "सी... सीर्ला. सी... सेर्ला. हॅट्! सी..."

रोशाचा पाय बादलीला लागला. म्हातारा वळला आणि कानापर्यंत लाल झाला.

"सोमवारपासून घोकतोय," तो म्हणाला. "जीभ वळतच नाही, पोरी. हिच्यासमोर जमतं, घरात शिरलो की निसटतं. पण तुझी लेक म्हणजे तुझंच म्हणणं. मी शिकेन."

जेवताना रोशाने त्याच्या ताटात दोन बटाटे जास्त वाढले.

रविवारी चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर ऊना ताठ बसली होती, निळी टोपी घालून. फादरनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवताय?"

"सेर्ला," रोशा स्पष्ट म्हणाली.

म्विरिशने चमकून तिच्याकडे पाहिलं. दोनखाने हातातली मेणबत्ती जवळजवळ सोडलीच. ऊनाची टोपी सावकाश लेकीकडे वळली. डोक्यावर पाणी पडलं तशी सेर्लाने अशी काही किंकाळी फोडली की मागच्या बाकावरचे लोक हसू लागले.

घरी परतताना म्विरिशने कारण विचारलं. "रोझी म्हणणाऱ्याने सहा वर्षांत एकदाही प्रयत्न केला नाही," रोशा म्हणाली. "तुझे बाबा आठवडाभर गाईपुढे घोकत होते. अशा माणसाने कसंही म्हटलं तरी ते नीटच असतं."

ऊना काही वाकली नाही. त्या दुपारभर ती नातीला मांडीवर घेऊन सीर्ला, सीर्ला म्हणत राहिली, दोनखा पलीकडून सेर्ला म्हणत राहिला, आणि पोर दोघांकडे बघून बोळकं पसरत राहिलं. चहापर्यंत दोघं एकाच थाळीतला सफरचंदाचा टार्ट खात होते आणि कुणाच्या गावी बटाटा चांगला पिकतो यावर वाद घालत होते.

साडेचार वर्षांची सेर्ला परवा शाळेत गेली. नव्या बाईंनी पट अडखळत वाचला, तेव्हा तिने उभं राहून त्यांना समजावलं, "मी सेर्ला. डोनेगॉलच्या आजीकडे गेले की सीर्ला. आणि शेवटची दोन अक्षरं म्हणायची नाहीत, बाई. ती नुसती बसलेली असतात."