दोन्ही बाजूंनी दिसणारा पडदा

मित्रांनो, मी सिनेमाचा एक जुना पडदा आहे. तुम्ही पाहिलेल्या पडद्यांसारखा मी गुळगुळीत नाही. माझ्यावर हळदीचे डाग आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे आणि बरोबर मधोमध धोतराचं ठिगळ आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. वय झालं की माणसं निवळतात म्हणे. मी काही निवळलो नाही.

माझं कापड हिंगणघाटच्या गिरणीतलं, साधं मांजरपाट. रोहण्याच्या नत्थूजींनी आपल्या फिरत्या सिनेमासाठी ते ताग्यानं आणलं आणि आर्वीच्या एका शिंप्याकडे दिलं. पट्टीला पट्टी जोडताना शिंप्याचं दुकान माझ्यानं भरून गेलं. तो वैतागून म्हणाला, "नत्थूजी, हत्तीचा पायजमा शिवून राह्यलो का गा मी?"

नत्थूजी हसले. "हत्तीचा नाई, साऱ्या दुनियेचा हाय. नीट शिवजो."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती अजून उतरलेली नाही.

मग सुरू झाले माझे कामाचे दिवस. बैलबंडीत बसून मी गावोगाव फिरलो. आज वडनेर, परवा हिंगणी, कधी कुणाच्या लग्नात, कधी जत्रेत. दुपारी बांबू रोवले जात. संध्याकाळी मला ताणून बांधलं की नत्थूजी माझ्यावर पाणी शिंपडत. कोरडं मांजरपाट उजेड अडवून धरतं. ओलं झालं की उजेड त्यातून आरपार जातो. हे मुद्दाम केलेलं असे, कारण माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. पुढे पुरुष, मागे बाया. असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. सासऱ्यांसमोर, मोठ्या दिरासमोर सुनांनी बसायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या पडद्यामागे बसत आणि डोईवरचा पदर खाली घेऊन मोकळ्या होत. पुढचे लोक गुपचूप सिनेमा पाहत. मागे मात्र हसणं, रडणं, शेंगा फोडणं, सगळं एकदम चालू असे.

मित्रांनो, माझ्यावर पडणारं चित्र मला कधी दिसलं नाही. आरशाला स्वतःचं तोंड दिसत नाही, तसंच ते. मला दिसत ते उजेडात भिजलेले चेहरे. पुढचे आणि मागचे. खरं सांगतो, मागचे चेहरे मला जास्त आवडत.

त्यात एक चेहरा नत्थूजींच्या नव्या नवरीचा होता. तिचं नाव नलू. मागच्या बाजूला तिचंच राज्य असे. सिनेमा सुरू झाला की ती शेजारणींना समजावून सांगे. अर्धं खरं, अर्धं तिच्या मनचं. मागून चित्र उलटं दिसतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. पडद्यावरचा नायक डाव्या हातानं जेवे, डाव्या हातानं तलवार उपसे. नलूनं त्यावरून एक सिद्धान्तच काढला होता.

"सिनेमातले लोक डावखुरेच राह्यते वं बाई. म्हनूनच त्यायले घेते सिनेमात."

"असं काऊन?"

"आपल्यासारख्यायले कोन पाह्यल मंग?"

बायांना ते पटलं. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि त्यातले लोक उजव्या हातानं जेवताना दिसले, तरी नलूनं हार मानली नाही. "टीव्हीतले साधे राह्यते," ती म्हणे. "पडद्यावरच्यायची गोष्टच येगळी." टॉकीजमध्ये ती कधी गेलीच नाही, त्यामुळे तिचं म्हणणं खोडायला कुणी नव्हतं. आणि मी कशाला खोडू? माझ्या बाजूनं बोलणारी ती एकटीच होती.

माझ्यावरचं ठिगळही तिचंच. हिंगणीच्या जत्रेत सिनेमातली गाय हंबरली. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सांडाला ते खरं वाटलं आणि तो थेट माझ्यातून आरपार गेला. लोक पळाले, माझ्या पोटाला भगदाड पडलं. नत्थूजी डोकं धरून बसले. नलूनं पेटी उघडली, त्यांचं नवंकोरं धोतर काढलं आणि चौकोन फाडून तिथल्या तिथे टाके घातले. त्या दिवसापासून माझ्यावर आलेल्या प्रत्येक नायिकेच्या गालावर एक अंधुक चौकोन दिसे. बाया म्हणत, "तिले बी नलूनं ठिगळ लावलं."

मग टीव्ही आला. केवढीशी ती पेटी! तिला कपाटावर जागा, तिच्यावर विणलेला रुमाल, गुरुवारी तिलाही उदबत्ती ओवाळलेली. माझ्यावर मात्र उंदीर नाचत होते. नत्थूजी गेले. त्यांचं सिनेमाचं मशीन भंगारात गेलं. मी सोयाबीनच्या पोत्यांवर पडून राहिलो. एका लग्नात माझ्यावर हळदीचे पाट मांडले, त्याचे डाग तुम्ही ऐकलेच. टीव्हीच्या मागोमाग मोबाइल आले. त्या तळहाताएवढ्या काचेचाही मी हेवा केला. लोक तिला छातीशी घेऊन झोपतात. मला कुणी कधी छातीशी घेतलं?

यंदाच्या हिवाळ्यात नलूची नात सुरभी वर्ध्याहून आली. तिथल्या काही हौशी मंडळींनी चित्रपट महोत्सव भरवला होता. दूरदूरच्या देशांतले सिनेमे आणायचे, खाली मराठी ओळी टाकायच्या, आणि नुसते शहरात न दाखवता गावांतही न्यायचे. एक संध्याकाळ रोहण्याच्या वाट्याला आली होती. सुरभीबरोबर श्रीनिवास सर होते, महोत्सवाचे प्रमुख. सुरभीनं पोत्यांवरून मला ओढून काढलं.

"सर, हा माझ्या आजोबांचा पडदा. यावरच दाखवू ना!"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या धाग्याधाग्यात ताण आला. सरांनी मला उजेडासमोर धरलं. डाग पाहिले, ठिगळावरून बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता. पण मान हलवून म्हणाले, "भावना कळतात सुरभी, पण यावर खालच्या ओळी वाचता यायच्या नाहीत. आपण नवा घेतलाय ना. याचे तुकडे कर, खुर्च्या पुसायला बरे पडतील."

नलूआजी दारातच गहू निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पण कान शाबूत.

"फाडू नोको," त्या म्हणाल्या.

"आजी, मग याचं करायचं काय?"

"मले का मालूम? पन फाडू नोको."

त्या 'मले का मालूम'वर माझा जीव टांगला होता. सुरभीनं उचललेली कात्री खाली ठेवली, पण निकाल दिला नाही. "आत्ता आमच्या मशीनवर धूळ नको म्हणून घेऊन जाते. मग बघू," म्हणाली. म्हणजे मी गेलो महोत्सवाला, पण यंत्रावरचं झाकण म्हणून.

शाळेच्या मैदानावर मी त्याला पाहिलं. नव्या पडद्याला. त्याला स्वतःची पिशवी होती, चेन असलेली! त्याला हात लावण्याआधी सुरभीनं हात धुतले, ओढणीला पुसले आणि मगच घडी उघडली. एक सुरकुती नाही, एक टाका नाही. पाठीला काळंभोर अस्तर. बांबूऐवजी चकचकीत नळ्यांची चौकट. मी म्हणालो, जाऊ दे, रूपात काय आहे. तेवढ्यात नलूआजी पुढे झाल्या आणि बोलल्या, "किती गोरा हाय वं माय!"

हा घाव मला सांडाच्या शिंगापेक्षा जास्त लागला. मी मनोमन वाऱ्याची विनवणी केली, ये, याला उताणा पाड. वारा आलाही, पण नळ्यांना वाळूची पोती बांधलेली होती. तो हललाही नाही.

दिवेलागण झाली. पुढे खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेले नानाजी बसले, म्हणजे नत्थूजींचे थोरले भाऊ, नलूआजींचे भासरे. तरुण मुली, सुना एका बाजूच्या खुर्च्यांवर. मला यंत्रावरून काढून नव्या पडद्याच्या कडेला टाकलं; तिथून चित्र दिसेना, माणसं तेवढी दिसत. सिनेमा सुरू झाला आणि मला एक गोष्ट खटकली. म्हाताऱ्या बाया कुठेच नव्हत्या.

सुरभीच्याही ते लक्षात आलं. शोधत ती पडद्याच्या मागे गेली. मागे नलूआजी आणि त्यांच्या जुन्या मैत्रिणी, शाली पांघरून, शेंगांची पिशवी मधे ठेवून, काळ्या अस्तराकडे टक लावून उभ्या होत्या. जुनी सवय त्यांना बरोबर जुन्या जागी घेऊन आली होती.

"अजून चालू नाई झाला का वं?" एकीनं विचारलं.

"आवाज तर येऊन राह्यला," दुसरी म्हणाली. "लाइट गेली असंल."

"अगं आजी, या पडद्याला मागून दिसत नाही! चला, पुढे खुर्च्या आहेत."

"खुर्चीवर?" नलूआजींनी कपाळाला हात लावला. "भासऱ्यायच्या बरोबरीनं? आता मरनाच्या टायमाले?"

"मग खाली बसा, पुढे."

"तिथं साऱ्या मैदानात गोखरू हाय. काटे काढत बसू का तुहा सिनेमा पाहू?"

मित्रांनो, मी कबूल करतो, त्या वेळी मला उकळ्या फुटत होत्या. बघा म्हटलं, गोरा आहे, पण एकाच अंगाचा! अर्धं गाव याच्या पाठीशी अंधारात उभं आहे. माझ्यातून सगळ्यांना दिसायचं.

पण तेवढ्यात नलूआजी मैत्रिणींना म्हणाल्या, "चला वं बायाहो, घरी. आपला सिनेमा झाला." आणि त्यांनी शेंगांची पिशवी उचलली. माझा आनंद जागच्या जागी विझला. ते चेहरे मी ओळखत होतो. उजेडात भिजलेले पाहिले होते. ते असे कोरडेच परत जाणार होते.

नानाजींना कमी ऐकू येतं म्हणतात, पण हवं ते येतं. त्यांनी खुर्चीवरूनच हाक मारली. भावजयीशी ते जन्मात थेट बोलले नव्हते, तशी रीतच नाही. आताही ते सुरभीशीच बोलले, पण आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"सुरभी, तुह्या आजीले सांग, नत्थूचा पडदा हाय ना, तो पुढं आंथर म्हना. काटे नाई रुतत. आन् मी मांगं सरकतो. मले तसंबी जवळचं दिसत नाई."

त्यांनी स्वतः उठून खुर्ची मागे ओढली. त्यांच्यामागोमाग सगळी पहिली रांग कुरकुरत मागे सरली.

नलूआजींनी पदर सावरला. मग सुरभीला म्हणाल्या, "त्यायले सांग, मफलर कानावर घ्या म्हना. थंडी सुटली हाय."

सुरभीनं मला पडद्याच्या कडेहून ओढलं. श्रीनिवास सरांनी दुसरं टोक धरलं. मैदानावर, सगळ्यांच्या पुढे, त्यांनी मला अंथरलं. गोखरूचे काटे माझ्या पाठीत शिरले. आणि ज्या बाया आयुष्यभर माझ्यामागे बसल्या, त्या माझ्यावर येऊन बसल्या. नलूआजी नेमक्या ठिगळावर.

मी उताणा पडून वर पाहिलं.

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा सिनेमा दिसला.

एक डोंगराळ देश होता. बर्फ. एक म्हातारी हरवलेल्या शेळीला शोधत होती. खालच्या ओळी नलूआजींची नातसून छाया मोठ्यानं वाचत होती, आणि छाया दम घ्यायला थांबली की नलूआजी आपल्या मनचं घालत होत्या. त्या म्हातारीच्या अंगणात दोरीवर एक पांढरी चादर वाळत होती. वाऱ्यानं ती काय सुंदर फुगली! मला लगेच तिचाही हेवा वाटला. सवय जात नाही.

शेवटी शेळी सापडली. म्हातारी घरी आली, चुलीपाशी बसली आणि वाडग्यातलं गरम काही तरी खाऊ लागली. नलूआजी एकदम ताठ झाल्या. त्यांनी शेजारणीचा हात घट्ट धरला.

"अवं माय! हे तर उजव्या हातानं खाते!"

"मंग?"

"मंग का? आपल्यासारखीच हाय थे!"

नलूआजी हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. पुसले तेही उजव्या हातानं. नव्या पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. तो उजेड माझा नव्हता. तरीही मला तो चेहरा तसाच दिसला, मांजरपाटाआडून दिसायचा तसा.

खेळ संपल्यावर सुरभीनं विचारलं, "आजी, याचं काय करायचं?"

"झाडून घडी घाल. पुढच्या वर्षी आमाले बसायले लागते," नलूआजी म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् यालेबी एक पिशवी शिवजो. चेनची."

आता मी पिशवीत राहतो. काही काटे अजून पाठीत आहेत, पण उंदीर नाहीत. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही तरी जुनं पडलेलं असेल. त्यावर कात्री चालवण्याआधी ते एकदा अंथरून बघा. कोण येऊन बसेल सांगता येत नाही.

हेवा म्हणाल, तर तो आहेच. तो नवा पडदा माझ्याहून गोरा आहे, आणि यापुढे सगळे देश त्याच्यावरच उतरणार आहेत. पण मी त्याच्या पायथ्याशी पडून त्याच्यावरचं चित्र पाहिलं आहे. त्या बिचाऱ्याला ते कधीच दिसणार नाही, कुणीतरी त्याला जमिनीवर अंथरेपर्यंत.