मॅडमच्या नावाचा पुरस्कार

गझाला मॅडमना आदरांजली वाहायला यवतमाळच्या सभागृहात सगळे जमले होते आणि त्यांच्या तसबिरीमागे एका कीटकनाशक कंपनीचा फलक टांगलेला होता. पहिल्या रांगेत बसलेला अब्रार त्या फलकाकडेच बघत होता. तो मॅडमचा धाकटा भाऊ. आर्णीत फवारणीचे पंप दुरुस्त करायचं वडिलांचं दुकान तोच चालवत होता. त्या दुकानाच्या कमाईवर बहीण डॉक्टर झाली, पण तिने दवाखाना थाटला नाही. वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकवायला लागली. "माणूस बरा करायले खूप जण आहेत," ती म्हणायची, "तो आजारी पडतो काहून, हे कोणी पाहात नाही."

मॅडम विद्यार्थ्यांना शेतात न्यायच्या. विहिरींचं पाणी तपासायला लावायच्या, फवारणी करणाऱ्यांच्या पाठीवरचे चट्टे दाखवायच्या.

मग ते वाईट साल आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली, बोंडात अळी शिरली, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून लोक दिवसभर फवारत राहिले. वॉर्डात खाटा पुरेनात. कुणाला दिसेनासं झालं, कुणाच्या उलट्या थांबेनात. बोरी अरबचा मजूर लखीराम तिथेच गेला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने त्याच्या बायकोला, जमनाबाईला, विचारलं, "हातमोजे घातले होते का त्याने?"

उत्तर मॅडमनी दिलं. "या उकाड्यात तुम्ही हातमोजे घालून, तोंड बांधून दुपारभर पंप चालवा साहेब. मग विचारा."

चौकशी समितीत मॅडमही होत्या. अहवालात मजुरांचा निष्काळजीपणा लिहिला गेला. दोष औषधाचा आहे, ते बाजारातून काढा, असं त्यांनी सांगितलं आणि सही नाकारली. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांसकट बाकी सगळ्यांनी केली. लवकरच मॅडमची लांब बदली झाली. त्यांनी सुरू केलेली गावांची पाहणी बंद पडली. निवृत्त होऊन त्या आर्णीला भावाकडे परतल्या आणि तिथेच वारल्या, तोवर एकाही सहकाऱ्याने फोन केला नव्हता.

आता तेच अधिष्ठाता माईकवर होते. "मॅडम म्हणजे आमच्या महाविद्यालयाचं वैभव," ते म्हणाले. मग त्यांनी कंपनीच्या सौजन्याने 'डॉ. गझाला गनी सुरक्षित फवारणी पुरस्कार' जाहीर केला. कंपनीने दिलेला संरक्षक पोशाख घालून फवारणाऱ्या मजुराला तो मिळणार होता. आभाराचे दोन शब्द बोलायला अब्रारला बोलावलं.

तो मंचावर गेला. "माह्या बहिणीनं याच कंपनीचं औषध बंद करा म्हटलं होतं," तो म्हणाला. "पोशाख वाटा नव्हतं म्हटलं. ज्यायनं तिले इथून हाकललं, ते आज तिच्यावर बोलून राह्यले. तिचं नाव काढा या पुरस्कारावरून."

निवेदिकेने हळूच माईक घेतला. "भावना आपण समजू शकतो," ती म्हणाली आणि अल्पोपाहाराची सूचना केली.

बाहेर जमनाबाई भेटली. सभेसाठी ती बोरी अरबहून एसटीने आली होती.

"काढतीन का जी ते नाव?"

"नाही काढत."

"बाई असत्या तं?"

"आतमधी येऊच दिलं नसतं तिले," अब्रार म्हणाला. त्याने तिला स्टँडवर सोडलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती : बहिणीच्या आठवणीने भाऊ गहिवरले. ती वाचून अब्रार पुन्हा यवतमाळला गेला. अधिष्ठाता भेटले नाहीत. त्यांच्या सहायकाने चहा पाजला आणि सांगितलं, "भाऊ, सन्मानचिन्हं बनूनही आली. अन् मॅडम आता एकट्या तुमच्या थोड्याच राहिल्या?"

अब्रार घरी आला. काय झालं, असं बायकोने, हुस्नाबीने, विचारलं. दुकानापुढे हंगामाचे पंप येऊन पडले होते. त्यातला एक ओढून तो कामाला बसला.